मुंबई पाहताना

मुंबईस प्रथमच येणाऱ्या मुलाच्या खिशात बहुधा एक यादी असते. गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, गिरगावची चौपाटी, वस्तुसंग्रहालय, हाजी अलीचा दर्गा! दोन दिवसांत यादी पुरी होते, पाय दुखू लागतात आणि गावी परतल्यावर ‘मी मुंबई पाहिली’ असे तो मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. परंतु ते अर्धेच खरे असते. इमारती म्हणजे शहर नव्हे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत १,२४,४२,३७३ माणसे मोजली गेली. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, तमिळ, कन्नड, कोकणी, सिंधी अशा अनेक भाषा बोलणारी आणि अनेक धर्म पाळणारी ही माणसे एकमेकांना खेटून राहतात, एकाच गाडीने कामावर जातात आणि एकाच समुद्राचा वारा खातात. हे कसे घडते, ते पाहणे म्हणजे मुंबई पाहणे. त्यासाठी पाहुण्याने प्रत्येक ठिकाणी ‘हे काय आहे?’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: ‘हे कोणी उभारले, आणि तो कोठून आला होता?’

ज्या जमिनीवर हे शहर उभे आहे, तीही मुळात एकसंध नव्हती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी येथे सात बेटे होती. भरतीच्या वेळी त्यांच्यामधील सखल भागांत समुद्राचे पाणी शिरत असे. येथील मूळ रहिवासी कोळी. त्यांची होडी, त्यांचे जाळे आणि त्यांची मुंबादेवी यांच्यापासून या नगरीच्या कथेला आरंभ होतो. शहराचे नावही मुंबादेवीवरूनच पडले असे मानतात. १५३४ साली ही बेटे गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचा इंग्लंडच्या राजाशी विवाह ठरला, तेव्हा त्या करारात ती इंग्लंडला मिळाली; आणि १६६८ साली इंग्लंडच्या राजाने वर्षाला अवघ्या दहा पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. पुढे बांध घालून, खाड्या बुजवून, टेकड्यांची माती समुद्रात लोटून ही बेटे हळूहळू जोडली गेली. माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडीवर १८४५ साली रस्ता झाला. त्यासाठी लागलेला पैसा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई या पारशी स्त्रीने दिला होता.

बेटे जशी जोडली गेली, तशीच माणसेही. १६६९ ते १६७७ या काळात कंपनीचा गव्हर्नर असलेल्या जेराल्ड ऑन्जियरने व्यापाऱ्यांना व कारागिरांना मुंबईत वसण्याचे आमंत्रण दिले आणि प्रत्येकाला आपापला धर्म पाळता येईल अशी हमी दिली. यात त्याचा व्यापारी स्वार्थ होता, हे उघड आहे. पण बंदराला माणसे हवी होती आणि माणसांना निर्भयपणे जगण्यासाठी जागा हवी होती. गुजरातेतून पारशी, हिंदू व मुसलमान व्यापारी आले. कोकणातून शेतकरी आणि खलाशी आले. बगदादहून यहुदी आले, इराणातून हॉटेलवाले आले. ज्याला आपल्या गावी पोट भरता येईना किंवा सुखाने राहता येईना, त्याने या बंदराची वाट धरली.

या येण्याच्या खुणा पायी फिरूनच पाहाव्यात. त्यासाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून गेटवेपर्यंतची वाट उत्तम. अंतर अडीच किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु सकाळचे दोन-तीन तास हाताशी ठेवावेत. टर्मिनसची भव्य इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाने रेखली. बांधकाम १८७८ साली सुरू झाले आणि त्यास सुमारे दहा वर्षे लागली. इमारतीवरील पाने, फुले, पशुपक्षी यांच्या कोरीव कामात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात लागलेला आहे. आराखडा विलायती, हात एतद्देशीय असे हे शिल्प आहे. २००४ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला.

तेथून दक्षिणेस दादाभाई नवरोजी मार्गाने निघाले, की फोर्ट विभाग लागतो. येथे पूर्वी खरोखरच किल्ला होता. १८६० नंतरच्या काही वर्षांत त्याचे तट पाडण्यात आले. नाव मात्र राहिले. येथील एका गल्लीत १७०९ साली स्थापन झालेली बनाजी लिमजी अग्यारी आहे. अग्यारी म्हणजे पारशी लोकांचे अग्निमंदिर. आत फक्त पारशांनाच प्रवेश असतो. पाहुण्याने बाहेरूनच नमस्कार करावा आणि पुढे चालावे. दुसऱ्याच्या दाराशी थांबणे हाही आदरच आहे. जवळच १७१८ साली उघडलेले सेंट थॉमस चर्च आहे. किल्ल्याच्या ज्या वेशीतून या चर्चकडे वाट जाई, ती वेस म्हणजे चर्चगेट. आज चर्चगेट नावाचे स्थानक आहे, पण गेट नाही. वेशीच्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन हे कारंजे उभे राहिले. त्याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचे स्मारक आहे. १ मे १९६० रोजी मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली, ती या हुतात्म्यांच्या बलिदानाने. म्हणून या चौकाला हुतात्मा चौक म्हणतात. येथे क्षणभर शांत उभे राहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

पुढे काळा घोडा भागात आकाशी रंगाची एक इमारत दिसते. ते यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. बगदादहून आलेल्या ससून घराण्याने ते १८८४ साली बांधले. परंतु महाराष्ट्राचे जुने यहुदी निराळेच. ते बेने इस्रायल. शतकानुशतके ते कोकणात राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, घरी मराठी बोलू लागले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावेही दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडली. त्यांपैकी सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिले यहुदी प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत. मध्य रेल्वेवरील मस्जिद या स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. एका स्थानकाच्या पाटीमागे केवढी मोठी कथा दडलेली असते पाहा!

काळा घोड्याच्या पुढेच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. ते निवांतपणे पाहावे आणि मग गेटवे गाठावा. इंग्लंडच्या बादशहाच्या १९११ सालच्या आगमनाच्या स्मरणार्थ ही कमान बांधण्याचे ठरले. ती १९२४ साली पुरी झाली. पुढे चोवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीकडे चालत गेली. बादशहाच्या सत्काराची कमान साम्राज्याच्या निरोपाची कमान ठरली.

पायी चालून जुनी मुंबई समजते. आजची मुंबई समजण्यासाठी लोकल गाडीत बसावे लागते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटर आगगाडी धावली, आणि १९२५ साली येथे विजेवरची गाडी सुरू झाली. आता पश्चिम, मध्य आणि हार्बर या मार्गांवर रोज लक्षावधी माणसे ये-जा करतात. २०१४ पासून मेट्रोही धावू लागली आहे. तरी पाहुण्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी पाच ते नऊ या वेळांत लहान मुलांसह लोकलने जाणे टाळावे. फलाटावरील पाटी वाचून गाडी धीमी आहे की जलद, हे आधी पाहावे; जलद गाडी सर्व स्थानकांवर थांबत नाही. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे. दारात लोंबकळू नये आणि रूळ ओलांडू नयेत. पाच मिनिटे वाचविण्याच्या नादात येथे अनेकांनी जीव गमावले आहेत.

या गाडीत एक अलिखित नियम पाळला जातो. बाकावर जागा तिघांची असते. परंतु चौथा मनुष्य आला आणि ‘जरा सरकून घ्या’ म्हणाला, की तिघेही अंग चोरून घेतात आणि त्याला टेकण्यापुरती जागा देतात. तो कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारीत नाही. पूर्ण सुख कोणालाच मिळत नाही. पण उभे राहण्याचे कष्ट एकाचे तरी वाचतात. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात हा नियम सापडणार नाही. तरीही मुंबईचे नागरिकशास्त्र शिकायचे असेल, तर त्याचा पहिला धडा या बाकावर आहे.

याच गाड्यांतून जेवणाचे डबे वाहणारे डबेवालेही दिसतात. पांढरी टोपी घातलेले हे लोक बहुतेक मावळ, खेड, जुन्नर या भागांतील. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा व्यवसाय सुरू केला. डबा कोणत्या स्थानकावर, कोणत्या इमारतीत पोचवायचा, ते डब्यावरील रंग, अंक आणि अक्षरे यांच्या खुणांवरून ओळखतात. घरी भाकरी थापलेली असो वा इडली वाफवलेली असो, डबा बिनचूक पोचतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्यांचे काम बरेच कमी झाले. परंतु ती पांढरी टोपी अजून नाहीशी झालेली नाही.

दादर, परळ, लालबाग या भागांत गेले, की उंच इमारतींच्या मध्ये एखादे जुने धुराडे दिसते. हे गिरणगाव. १८५६ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडील हजारो माणसे भोंग्याच्या आवाजावर जगू लागली. एकेका खोलीत दहा-दहा माणसे राहत. रात्रपाळीचा मनुष्य कामावर गेला, की त्याच्या जागेवर दुसरा निजत असे. १९८२ सालच्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. तो संप फसला, पुढे गिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि कित्येक घरांच्या चुली थंडावल्या. शहराचा झगमगाट पाहताना ही दुःखाची बाजूही पाहणे आवश्यक आहे. याच गिरणगावात गंगाराम सुर्वे नावाच्या कामगाराने टाकून दिलेले एक तान्हे मूल घरी आणून वाढविले. त्याची जात वा कुळ विचारले नाही. आपले नाव मात्र त्याला दिले. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. बाकावरची जागा देणे सोपे असते. या कामगाराने घरातली जागा दिली.

दादरच्या पुढे माटुंग्यास दाक्षिणात्यांची देवळे, उडुपी खाणावळी आणि फुलांच्या वेण्या विकणारी दुकाने दिसतात. धारावीतील कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची चाके फिरतात. ही वस्ती म्हणजे प्रदर्शन नव्हे. तेथे माणसांची घरे आहेत. विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र काढू नये आणि गरिबी पाहण्याच्या हौसेने तर मुळीच जाऊ नये. चाकावर मडके कसे वर येते, हे पाहण्यास कोणाचीच हरकत नसते.

श्रद्धास्थानांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. माहीमच्या मखदूम अली यांच्या दर्ग्याच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. वांद्र्याच्या मोत माउलीच्या सप्टेंबरमधील जत्रेस ख्रिश्चनांबरोबर हिंदू, मुसलमान आणि पारशीही मेणबत्त्या घेऊन जातात. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्यासाठी दूरदूरच्या खेड्यांतून लक्षावधी लोक येतात आणि शिवाजी पार्कवरून परत जाताना पुस्तके विकत घेऊन जातात. कोठे पादत्राणे काढावी लागतात, कोठे डोके झाकावे लागते, कोठे मौन पाळावे लागते. ठाऊक नसल्यास तेथील माणसास विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. हाजी अलीला जाताना मात्र समुद्रालाही विचारावे लागते. कारण मोठ्या भरतीत तेथे जाणारी वाट पाण्याखाली जाते.

भूक लागली, की पाहुणा वडापाव मागतो. मुंबईचा हा खास पदार्थ १९६० नंतरच्या दशकात दादरच्या स्थानकाबाहेर प्रथम विकला गेला, असे सांगतात. पण त्यातला बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या. त्या पोर्तुगिजांबरोबर भारतात आल्या. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दही पोर्तुगीजच. बेसन, लसूण आणि फोडणी मात्र आपली. परक्या वस्तू आणि घरचा हात एकत्र आले, आणि त्यांतून जे निर्माण झाले ते अस्सल मुंबईचे ठरले. या शहराचे रहस्य समजावून देण्यास हा एक घास पुरेसा आहे.

तथापि, इतकी माणसे जवळ राहिली म्हणजे ती आपोआप एक होतात, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये या शहरात भीषण दंगली झाल्या. सुमारे ९०० माणसे मारली गेली. वर्षानुवर्षे शेजारी राहिलेली कुटुंबे भयाने एकमेकांपासून दूर गेली. त्यानंतर काही नागरिक आणि पोलीस अधिकारी पुढे आले. त्यांनी वस्त्यावस्त्यांत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसू लागली, अफवा उठताच एकमेकांना विचारू लागली. तोडण्यास काही दिवस पुरतात. जोडण्यास कित्येक वर्षे लागतात. बेटांच्या बाबतीत जे खरे, तेच माणसांच्या बाबतीतही खरे आहे.

जोडलेले किती उपयोगी पडते, ते २६ जुलै २००५ रोजी दिसले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. गाड्या बंद पडल्या, रस्त्यांच्या नद्या झाल्या. शेकडो लोकांचा अंत झाला. कार्यालयांतून घरी निघालेले लोक छातीइतक्या पाण्यातून रात्रभर चालत होते. त्या रात्री अनोळखी माणसांनी दोरीचा आधार देऊन वाटसरूंना पाण्यातून पार केले. लोकांनी आपली घरे, देवळे, मशिदी आणि शाळा उघडल्या. ज्याच्याजवळ जे होते, चहा, बिस्किटे, कोरडे कपडे, ते त्याने दिले. चौथ्या माणसाला जागा देण्याची सवय त्या रात्री कामी आली.

मुंबईच्या पाहुण्याने परतण्यापूर्वी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. तो जे पाणी पितो, त्यातील बहुतेक पाणी मुंबईचे नाही. विहार आणि तुळशी हे दोन तलाव शहरात आहेत. परंतु तानसा, भातसा आणि वैतरणेची धरणे ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांत, दूर सह्याद्रीच्या कुशीत आहेत. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी मोठ्या नळांनी मुंबईकडे वाहते, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवरील स्त्रिया उन्हाळ्यात हंडा घेऊन मैलभर चालतात. शहर ज्यांच्या जोरावर उभे असते, ते सारेच लोक शहरात राहत नाहीत. म्हणून येथे नळ वाहता सोडणे हा केवळ निष्काळजीपणा नव्हे. तो कोणाच्या तरी डोक्यावरचा हंडा उपडा करणे आहे.

मुंबईत पत्ता विचारताना ‘काका’, ‘ताई’, ‘भाऊ’ म्हणून हाक मारावी. ऐकणारा मराठी असो वा नसो, ती हाक त्याला समजते. तो घाईत असतो, चालता चालताच हात दाखवितो. परंतु वाट बरोबर सांगतो. बहुधा तो स्वतः, त्याचा पिता किंवा आजोबा असाच एके दिवशी हातात पिशवी घेऊन या शहरात उतरलेला असतो, आणि त्यालाही कोणीतरी वाट दाखविलेली असते. येथे आलेल्याने गर्दीला दोष देण्यापूर्वी, आपणही त्या गर्दीतले एक आहोत हे आठवावे, आणि मागून येणाऱ्यासाठी थोडे सरकून उभे राहावे.